चहाच्या आधी तुमची पाळी

सुजाताताई,

तुमच्या आईंनी मला ओळखलं. त्याआधी आम्ही कधी भेटलोही नव्हतो. शेवगावला तुमच्या घरी तुमच्या पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम आटोपला, लोक जेवायला बसले, आणि मी आत जाऊन त्यांच्यापुढे उभा राहिलो. म्हटलं, "जय भीम, आई. मी दत्ता. सुप्याच्या कंपनीत ताईंबरोबर होतो. प्लँट बघतो मी." त्यांनी पांढऱ्या पदरानं डोळे पुसले आणि माझ्याकडे नीट बघितलं.

"तुमीच का ते मशीनवाले?"

मी हो म्हटलं.

"लई सांगायची तुमचं. भांडतो म्हनायची, पन ऐकून घेतो."

एवढं बोलून त्यांनी माझा हात धरला आणि बराच वेळ सोडलाच नाही. ताई, तुम्ही घरी माझ्याविषयी असं काही बोलत असाल हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. कंपनीत तर तुम्ही मला कायम एकच गोष्ट सुनावत आलात, की दत्ताभाऊ, तुम्ही कुणाचं ऐकत नाही.

सुप्याला परत येईपर्यंत गाडीत तेच डोक्यात घोळत होतं. मग वाटलं, तुमच्याशी बोलायचं राहिलंय ते लिहून तरी काढावं. शिवाय काल सोमवारची मीटिंग झाली, आणि तिचं तुम्हाला सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही. ते शेवटी सांगतो. आधी मागचं बोलू.

तुम्ही आलात तेव्हा आपल्या कंपनीत कुणालाच कळलं नव्हतं की तुमचं काम नक्की काय. आबांनी, म्हणजे मालकांनी, ओळख करून दिली, "या पुण्याहून आल्यात. आता ट्रेझरी बघनार." ट्रॅक्टरचे गिअर बनवणारी कंपनी आपली. भट्टी, लेथ, ग्राइंडिंग, ट्रक. त्यात ट्रेझरी कुठं बसवायची? मी घरी सांगितलं तर माझ्या आईला वाटलं, ट्रेझरी म्हणजे नगरचं कोषागार. तिनं लगेच विचारलं, त्या बाई मामांच्या पेन्शनचं काही करतील का. हे तुम्हाला सांगितलं तेव्हा तुम्ही डबा बाजूला ठेवून हसलात. मग म्हणालात, "दत्ताभाऊ, अकाउंट्सवाले काल काय झालं ते सांगतात. मी येत्या दिवाळीला काय होईल ते बघते." तेव्हा बाहेर चैत्राचं ऊन मी म्हणत होतं. मी म्हटलं, दिवाळीला लाडू होतील.

तुमची पाळी तेव्हा मीटिंगच्या अगदी शेवटी असायची. आधी सेल्स, मग मी, मग क्वालिटी, मग माणसांच्या तक्रारी. तुम्ही तोंड उघडेपर्यंत सगळ्यांचा चहा पिऊन झालेला असायचा, आबा चष्मा खिशात ठेवत असायचे, आणि माझं लक्ष शॉपवर, मशीनींकडे गेलेलं असायचं. काही आठवडे तुम्ही हे नुसतं बघितलंत. तक्रार केली नाहीत. मग एका सोमवारी मीटिंग सुरू झाली आणि चहाच आला नाही. आबांनी बेल वाजवली. कँटीनचा भानुदास किटली घेऊन दारात उभा, पण आत पाऊल टाकेना.

"आरं, ये की आत."

"मॅडम म्हनल्या, त्यांचं झाल्याबिगर आत यायचं न्हाई."

आबा आधी तुमच्याकडे बघत राहिले आणि मग पोट धरून हसले. त्या दिवसापासून ठरून गेलं, चहाच्या आधी तुमची पाळी. सगळे चहाला आसुसलेले, त्यामुळे मध्ये कुणी फाटे फोडायचं नाही, आणि तुम्हीही लांबण लावायचा नाहीत. पैसा कुठून येणार, कधी येणार, कुठं अडकेल, आणि अडकलाच तर आपल्याकडे दुसरी वाट कोणती. एवढं सांगून झालं की तुम्ही दाराकडे बघायचात आणि भानुदास आत यायचा. पुढे कधीतरी माझ्या लक्षात आलं की तुम्हाला चहाशी काही घेणंदेणं नव्हतं. ऑर्डर घ्यायची का, मशीन घ्यायची का, हे सगळं ठरून गेल्यावर पैसा बघणाऱ्या माणसाला बोलावलं तर त्याच्या हातात फक्त धावाधाव उरते. तुम्हाला ठरण्याच्या आधी बोलायचं होतं.

आणि प्रश्न तरी कसले विचारायचात! पहिल्याच वर्षी दसऱ्याच्या सुमाराला मला म्हणालात, "साखर कारखान्यांचे बॉयलर कधी पेटणार?" मला वाटलं, या बाईंना आता ऊस लावायचाय. तर तुमचं म्हणणं असं, की कारखाने सुरू झाले की जिल्ह्यातले ट्रक उसावर जातात. आपल्याला गाडी मिळत नाही, मिळाली तर भाडं आधी हातावर ठेवावं लागतं. माल गोदामात पडून राहतो, आणि माल उशिरा पोचला की पैसाही उशिरा येतो. हे मला माहीत नव्हतं असं नाही. माझा चुलताच ट्रकवाला. पण ते मला गाडीचं दुखणं म्हणून माहीत होतं, पैशाचं म्हणून कधी बघितलं नव्हतं. मग आपण दोघांनी बसून ठरवलं, की त्या दिवसांत महिनाअखेरीला सगळा माल एकदम रेटायचा नाही, दर आठवड्याला थोडा थोडा काढायचा. सेल्सवाले कुरकुरले, आपण दोघं बधलो नाही. त्या एका गोष्टीवर आपलं कधी भांडण झालं नाही, म्हणूनच बहुतेक तिची आठवण कुणी काढत नाही.

भांडण झालं ते मशीनवर. ग्राइंडिंगची ती जपानी मशीन मी प्रदर्शनात बघितली आणि ती माझ्या डोक्यात ठाण मांडून बसली. कंपनीनं बाजूला ठेवलेला पैसा बँकेत पडून होता. मी म्हणत होतो, त्या झोपलेल्या पैशाला जरा उठवा. तुम्ही म्हणायचात, "तो झोपलेला नाही, राखणीला बसलाय. मशीन घ्यायची तर बँकेचं लांब मुदतीचं कर्ज काढू." मी म्हणायचो, खिशात पैसा असताना व्याज भरायचं हे कुठलं शहाणपण? एकदा तुमचा आवाज चढला. तो चढला की पुण्यातली सगळी वर्षं गळून पडायची आणि आतलं शेवगाव बाहेर यायचं.

"आवो, मशीन वर्सानुवर्सं चालनार ना? मंग तिचे पैसे बी तेवढ्याच वर्सांत फिटू द्या की! आज हातातलं सगळं घातलं आन् उद्या गिऱ्हाइकानं हात आखडला, तर पगाराला काय मशीनचे पत्रे कापून देनार व्हय?"

भानुदासनं दारातून डोकावून बघितलं आणि डोकं परत बाहेर घेतलं. मी म्हटलं, बरं, कर्ज तर कर्ज, पण लवकर काढा. तुम्ही म्हणालात, "आत्ता व्याजाचे भाव चढे आहेत. थोडं थांबा." थोडं थांबा, थोडं थांबा. त्या थांबण्यात एक चांगली ऑर्डर चाकणच्या दुसऱ्या कंपनीनं उचलली, कारण त्यांच्याकडे तसली मशीन होती. तिथं तुम्ही चुकलात, ताई. तुम्ही गेलात म्हणून मी हे मागे घेणार नाही. तुम्हीही कधी मागे घेतलं नाहीत. "ऑर्डर गेली, कंपनी आहे," म्हणालात. मी म्हटलं, कंपनी ऑर्डरींवरच उभी असते. दोघांच्याही बोलण्यात तथ्य होतं आणि दोघांपैकी एकालाही ते कबूल करायचं नव्हतं. त्या दिवशी आपण डबे वेगवेगळ्या टेबलांवर उघडले. तुमच्या डब्यात ठेचा होता, हे मला लांबूनही कळलं.

युरोवरून मात्र मी तुम्हाला नुसतं छळलं. परदेशातल्या गिऱ्हाइकाचे पैसे युरोत यायचे, आणि ते हातात यायच्या कितीतरी आधी तुम्ही बँकेशी भाव बांधून, म्हणजे एका युरोला किती रुपये ते आधीच ठरवून, मोकळ्या व्हायचात. एका वर्षी तुम्ही भाव बांधलात आणि युरो चढतच गेला. न बांधता तसंच सोडलं असतं तर जास्त रुपये आले असते. मला आयतं कोलीत मिळालं. जिन्यात गाठ पडली की मी विचारायचो, "काय ताई, आज युरो काय म्हणतोय?" एक दिवस तुम्ही पायरीवरच थांबलात.

"दत्ताभाऊ, तुम्ही रोज पुणे रोडनं हेल्मेट घालून येता ना? संध्याकाळपर्यंत पडला नाहीत म्हणून दुकानदाराकडे हेल्मेटचे पैसे परत मागायला जाता का?" आणि दोन पायऱ्या चढून परत वळलात. "आपण गिअर विकतो. युरोवर पैजा लावायच्या तर कंपनी कशाला पाहिजे, पारावर बसूनही लावता येतील."

मला याचं एक झकास उत्तर सुचलं, पण ते संध्याकाळी घरी पोचल्यावर. दुसऱ्या दिवशी तुम्ही रजेवर होतात, मग विषय निघाला नाही. ते उत्तर अजून माझ्याकडे तसंच पडून आहे.

मग समुद्रावर कुठंतरी लढाई पेटली. जहाजं लांबच्या वाटेनं जायला लागली. आपले कंटेनर पोचेनात, आणि माल पोचल्याशिवाय गिऱ्हाईक पैसे सोडेना. त्यात त्यानं स्वतःचाच कारखाना काही दिवस बंद ठेवला. सुप्यात आजूबाजूच्या कंपन्यांत पगार लांबायला लागले. गेटबाहेरच्या टपरीवर दुसरा विषय नव्हता. आपली माणसं मला शॉपवर गाठून विचारायची, "सायेब, आपलं काय?" दिवाळी तोंडावर आली होती. मी तुमच्या केबिनमध्ये आलो तेव्हा तुम्ही पेरू कापत होतात. मला वाटलं, आता ही बाई आपल्याला ऐकवणार, बघा, मशीनमध्ये पैसा घातला असता तर काय झालं असतं. तुम्ही मला पेरूची फोड दिलीत आणि म्हणालात, "पगार वेळेवर होईल. बोनससुद्धा. तुम्ही शॉपवर जाऊन माणसांना स्पष्ट सांगा. आपला माणूस घाबरला की त्याचा हात चुकतो."

राखणीचा पैसा तर होताच. शिवाय दोन बँकांकडून तुम्ही लिमिट वाढवून घेतलं होतं, म्हणजे अडीनडीला उचलता येईल अशी रक्कम मंजूर करून ठेवली होती. आणि तेही आपलं उत्तम चाललेलं असताना, कशाची गरज नसताना. त्या वेळी मी तुम्हाला विचारलंही होतं, हा उद्योग कशासाठी? तुम्ही म्हणाला होतात, "बँकेत गरज नसताना जायचं असतं. गरजेला गेलं की त्यांना वास लागतो."

त्या वर्षी आपल्या माणसांच्या घरी दिवाळीला लाडू झाले, ताई.

नंतर एमआयडीसीतल्या एका जेवणात दुसऱ्या कंपन्यांचे लोक मला विचारत होते, तुम्ही कसं काय निभावलं? मी छाती पुढे काढून सांगितलं, "आमच्याकडे सुजाताताई आहेत." तिथं बसलेल्या सगळ्यांना सांगितलं. तुम्हाला सोडून. दुसऱ्या दिवशी जिन्यात भेटलात, तर मी पुन्हा युरोचा भाव विचारला. आपल्या दोघांची बोलायची तीच तऱ्हा होती, आणि ती तुम्हालाही आवडत असावी असं मी आता तुमच्या आईंच्या बोलण्यावरून धरून चालतो. पण एकदा सरळ सांगायला हवं होतं असं फार वाटतं.

मग तुम्ही आजारी पडलात. नगरच्या दवाखान्यात तुम्हाला भेटायला आलो ती दुपार आठवते. तुम्ही इतक्या वाळला होतात की मी खिडकीकडे बघून बोलत होतो. तुम्ही विचारलंत, माल निघाला का, गाड्या मिळतात का. मग एकदम म्हणालात, "त्या मशीनचा मी विचार केलाय."

"मग? घ्यायची?"

तुम्ही हसलात. तेवढ्यात सिस्टर व्हीलचेअर घेऊन आली, तपासणीला न्यायचं होतं. "आल्यावर सांगते," म्हणालात. मी बराच वेळ बसलो. शॉपवरून फोन आला तसा उठलो, म्हटलं पुढच्या खेपेला विचारू. पुढच्या खेपेला तुम्ही बोलू शकत नव्हतात.

शेवगावहून परतल्यावर दुसऱ्या दिवशी आबांचा फोन आला. आबांना खरंच वाईट वाटलंय, त्यांच्या आवाजावरून कळत होतं. "दत्ता, तसं मानूस पुन्हा मिळनार न्हाई रं. म्हनूनच म्हनतो, आता ती जागा भरायची कशाला? तिच्या हाताखालच्या रेश्माला अकाउंट्सला लावू. हिशोब बघायला मानसं हायेतच. आन् ती तुझी मशीन. पैसा पडूनच हाय, घेऊन टाक. आता आडवं कोन येनार?"

तुमच्यापासून काय लपवायचं? मला आनंद झाला. फोन ठेवला आणि मी शॉपवर जाऊन मशीन कुठं बसेल ती जागा पावलांनी मोजून आलो. मोजून झाल्यावर तिथंच उभा राहिलो. मशीन मिळणार होती, पण ज्यांच्याकडून ती मिळवायची होती त्या तुम्हीच नव्हतात. कुणी अडवत नसताना मिळालेली मशीन मला बरोबर वाटेना, आणि का वाटेना तेही कळेना.

तर काल सोमवार. मीटिंगला बसलो आणि सगळ्यात आधी चहा आला. भानुदासला कुणी थांबायला सांगितलं नव्हतं, तो बिचारा आला आणि त्यानं कप भरले. सगळ्यांनी उचलले. आबा म्हणाले, "तर दत्ताच्या मशीनचं उरकून घेऊ." रेश्मा टेबलाच्या टोकाला बसली होती. इतकी वर्षं तुमच्या शेजारी बसून काम केलेली राहात्याची ही बाई फाइल पुढ्यात ठेवून गप्प होती, कारण तिनं बोलायचं की नाही हे कुणी ठरवलंच नव्हतं. तिनं चहाला हात लावला नव्हता. मी माझा कप तोंडाला लावला आणि मला तो पिता येईना. भांडतो, पण ऐकून घेतो. तुम्ही हे माझ्याविषयी घरी सांगितलं होतं, आणि आता मी ऐकून घ्यायचं तरी कुणाचं?

"भानुदास," मी म्हटलं, "चहा परत ने."

आबा म्हणाले, "का रं? साखर कमी पडली?"

"आबा, चहाच्या आधी ट्रेझरीची पाळी असते."

"आरं, पन ती तर..."

"ताई नाहीत हे मला माहीत आहे. पण तुम्हाला आणि मला अडवणारं कुणीतरी इथं पाहिजे. नाहीतर आपण दोघं मिळून ही कंपनी कुठं नेऊन आदळू, सांगता येत नाही. रेश्मा, तुम्ही बोला."

भानुदासनं खरंच कप गोळा केले, अर्धे प्यालेलेसुद्धा. सेल्सवाल्यानं आपला धरून ठेवला होता, तोही सोडवून घेतला. रेश्मा उभी राहिली. फाइल उघडून सांगायला लागली. परदेशी गिऱ्हाईक पैसे द्यायला जास्त मुदत मागतंय. उसाचा हंगाम जवळ आलाय. अशा वेळी राखणीच्या पैशाला हात लावायचा नाही. मशीन आत्ता नको. कर्जाचं ती बँकेशी बोलेल आणि पुढच्या सोमवारी सांगेल.

माझं डोकं फिरलं. तिला बोलायला मीच लावलं होतं आणि तिनं पहिला दणका मलाच दिला. मी जरा घुश्शातच विचारलं, "हे ताईंनी सांगून ठेवलंय का?"

"नाही सर. मशीनचं मॅडमनी काय ठरवलं होतं ते मला माहीत नाही. हे माझं मत आहे."

आबांनी तिच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग दाराकडे. "भानुदास," ते म्हणाले, "आन आता चहा. आन् रेश्मा, पुढच्या सोमवारी बँकेचं घिऊन ये. पयली पाळी तुझी."

मीटिंग संपल्यावर मी जिन्यात येऊन थांबलो. चिडलो होतो, ताई, खरंच चिडलो होतो, आणि डोळ्यांतून पाणी थांबेना. तुमच्या मनात मशीनचं काय होतं, ते मला आता कधीच कळणार नाही. रेश्माशी मात्र पुढच्या सोमवारी मी कडाडून भांडणार आहे. सगळी तयारी चालू आहे.

दुपारी शेवगावला तुमच्या आईंना फोन लावला. का लावला ते सांगता येत नाही. म्हटलं, "आई, मी मशीनवाला. मशीन याही वेळी नाही मिळाली."

त्यांनी विचारलं, "भांडलात का?"

"भांडलो."

"आन् ऐकून घेतलं?"

मी म्हटलं, घेतलं.